रोग एक, रोगी निराळे
(मंडळ्यांतील अभ्यासवर्गांकरिता धडा)

खेड्यात एखादा मनुष्य तापाने पडला म्हणजे शेजारच्या घरातून मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्या येतात. "आमच्या म्हाताऱ्यास हाच ताप होता, ह्याच गोळ्यांनी उतरला," असे सांगून त्या मोठ्या ममतेने दिल्या जातात. देणाऱ्याच्या मनात कपट नसते, परंतु त्या ममतेत एक मोठी चूक दडलेली असते. ताप कदाचित तोच असेल. तापाने पडलेला मनुष्य मात्र तो नव्हे.

आता दुसरीकडे पाहा. शहरातल्या इस्पितळात गर्दीच्या वेळी डॉक्टर रोग्याच्या तोंडाकडे न पाहता कागदाकडे पाहतो, चार शब्द लिहितो, आणि पुढचा नंबर पुकारला जातो. तेथे विद्या पुष्कळ, यंत्रे पुष्कळ. तरी चूक तीच. शेजाऱ्याने गोळी पाहिली आणि डॉक्टराने कागद पाहिला. मनुष्य दोघांनीही पाहिला नाही.

ही चूक लहानसहान नाही. तिच्या पायी औषधे अर्ध्यावर सोडली जातात, दुखणी लपविली जातात, आणि बरे होण्याजोगी माणसे मरतात. म्हणून वैद्यकीत सहानुभूतीचे स्थान कोणते, आणि प्रत्येक रोग्यास निराळा मनुष्य म्हणून पाहणे का अवश्य आहे, ह्याचा विचार आम्ही ह्या धड्यात करणार आहोत. हा विषय केवळ डॉक्टरांचा आहे असे वाचकांनी समजू नये. रोग्याच्या उशाशी बसणारा, त्यास गाडीत घालून दवाखान्यात नेणारा, आणि घरी आल्यावर औषधाची वेळ सांभाळणारा मनुष्य बहुधा आपल्यापैकीच असतो.

१. रोग आणि रोगी ह्यांतील भेद

अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रान्सिस पीबॉडी नावाचे एक नामांकित डॉक्टर होऊन गेले. १९२६ साली त्यांनी हार्वर्ड येथील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढे रोग्याच्या शुश्रूषेविषयी एक व्याख्यान दिले. ते १९२७ च्या मार्च महिन्यात छापून निघाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, डॉक्टरसाहेब स्वतः कर्करोगाने वारले. त्या व्याख्यानास आज जवळजवळ शंभर वर्षे होत आली, तरी वैद्यकीच्या शाळांतून ते अजून वाचले जाते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, इस्पितळाच्या खाटेवर पडलेला मनुष्य हा अर्धाच मनुष्य होय. त्याचे कपडे काढून घेतलेले असतात, घर मागे राहिलेले असते, नावाच्या जागी खाटेचा आकडा आलेला असतो. डॉक्टर त्याचे हृदय तपासतो, पण त्या हृदयाचा धनी कोणत्या घरात राहतो, काय काम करितो, कोणास भितो, कशाची आशा धरितो, हे त्यास ठाऊक नसते. हे ठाऊक नसेल तर तपासणी अपुरी, आणि तपासणी अपुरी असेल तर उपचारही अपुरा.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ती आमच्या खेड्यांस फार लागू पडते. पुष्कळ रोगी असे असतात की, त्यांस खरोखर त्रास होत असतो, परंतु तपासणीत काही सापडत नाही. डॉक्टर त्यांस "तुम्हांला काही झालेले नाही" असे सांगून वाटेस लावितो. रोगी घरी जातो. दुखणे त्याच्याबरोबर जाते. मग तो जो कोणी त्याचे ऐकून घेईल त्याच्याकडे वळतो. आमच्याकडे तो भगताकडे किंवा देवऋष्याकडे जातो, आणि आम्ही त्यास अडाणी म्हणतो. परंतु वाचकहो, भगताने त्याची हकीकत तासभर ऐकली आणि डॉक्टराने दोन मिनिटेही ऐकली नाही, हे आपण विसरू नये. भगताची विद्या खोटी असली तरी त्याचे ऐकणे रोग्यास खरे वाटते. ज्याची विद्या खरी आहे त्याने ऐकण्यात भगताच्या मागे राहावे, हे दुर्दैव होय.

डॉक्टर किती ऐकतात ह्याचे मोजमापही झाले आहे. १९८४ साली अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल ह्यांनी डॉक्टर व रोगी ह्यांच्या ७४ भेटींतील संभाषणे तपासली. रोगी आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टराने त्यास मध्येच अडविले, असे त्यांस आढळले. चौघांतल्या एकासही आपले पहिले म्हणणे पुरते सांगता आले नाही. आणि रोगी जे प्रथम बोलतो तेच त्याचे मुख्य दुखणे असते असे नाही. खरी गोष्ट पुष्कळदा शेवटी, उठता उठता, खाली मान घालून सांगितली जाते.

२. शरीरे सारखी नाहीत

कोणी म्हणेल, मने निराळी असतील, पण शरीर तर सर्वांचे सारखेच ना? तर तेही नाही.

इंग्लंडातील डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड ह्यांनी एका विरळ व्याधीचा अभ्यास केला. तीत मूत्र हवेत राहिले म्हणजे काळे पडते. ही व्याधी ठराविक कुटुंबांतच, आणि विशेषेकरून चुलत-मावस भावंडांत झालेल्या विवाहांच्या संततीत दिसते, हे पाहून १९०२ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, जशी दोन माणसांची तोंडे सारखी नसतात तशी त्यांच्या शरीरांतील रासायनिक घडणही सारखी नसते. त्या काळी ह्या विचाराकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. आज तो वैद्यकीचा एक पाया झाला आहे.

ह्याचे एक उदाहरण आमच्या वाचकांच्या अगदी घरातले आहे. हिवताप पुन्हा पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्वीन नावाचे औषध देतात. एका जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून बसतात. त्यांस मारण्याकरिता हे औषध १४ दिवस घ्यावे लागते. बहुतेकांस ते सोसते. परंतु काही थोड्या माणसांच्या रक्तातील तांबड्या पेशी ह्या औषधाने फुटू लागतात. मूत्र काळसर होते, डोळे पिवळे पडतात, अंगातील रक्त झपाट्याने कमी होते. असे का व्हावे, हे पुष्कळ वर्षे कोणास कळले नव्हते. १९५६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, ह्या माणसांच्या तांबड्या पेशींत एक द्रव्य जन्मतःच कमी असते. त्यास जी-सिक्स-पी-डी असे संक्षिप्त नाव आहे. ही उणीव आईबापांकडून येते, पुरुषांत अधिक दिसते, आणि आपल्या देशातील काही समाजांत इतरांपेक्षा जास्त आढळते. एरवी असा मनुष्य धडधाकट असतो. नांगर धरितो, ओझे वाहतो. त्याच्यात काही उणे आहे असे कोणास वाटतही नाही.

ह्यावरून शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांचे काय करावे हे वाचकांनी ताडलेच असेल. ज्या गोळीने म्हातारा बरा झाला तीच गोळी नातवास घातक होऊ शकते. म्हणून प्रायमाक्वीन घेणाऱ्याचे मूत्र काळे पडू लागले तर गोळी तत्काळ थांबवून त्यास दवाखान्यात न्यावे. आणि घरात पूर्वी कोणास एखाद्या औषधाने अपाय झाला असेल तर डॉक्टराने न विचारताही तो सांगावा.

३. वेल्लोर येथील हात

आता आम्ही एका अशा डॉक्टराची हकीकत सांगतो की, ज्याच्या कामात विद्या आणि सहानुभूती ह्या दोहोंची सांगड स्पष्ट दिसते.

पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ साली तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरात झाला. आईबाप मिशनरी होते. बाप १९२९ साली त्याच डोंगरात हिवतापाच्या एका भयंकर प्रकाराने वारला. पॉल त्या वेळी शिक्षणाकरिता इंग्लंडात होता. पुढे तो लंडनमध्ये शस्त्रवैद्य झाला व १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात कामास आला. कुष्ठरोगाशी त्याचा अद्याप काही संबंध नव्हता.

१९४७ साली चिंगलपट येथील कुष्ठाश्रम पाहावयास तो गेला. कुष्ठरोगाचे मोठे जाणकार डॉक्टर रॉबर्ट कॉक्रन हे तेथे होते. आश्रमातील माणसांचे हात पक्ष्यांच्या पंजासारखे वाकडे झालेले होते. अशी माणसे शेकडो वर्षे लोकांनी पाहिली होती, त्यांची कीव केली होती, त्यांस भाकर टाकली होती. परंतु हात जाणणाऱ्या शस्त्रवैद्याने जवळ बसून तो हात हातात घेऊन पाहिला नव्हता. ब्रँडने एका रोग्याचा हात हातात घेतला व त्यास दाबावयास सांगितले. त्या वाकड्या हाताने असा जोर केला की ब्रँडचा हात दुखावला. त्या दुखण्यात त्यास एक गोष्ट कळून आली: हा हात मेलेला नाही, त्यातले काही स्नायू निकामी झाले आहेत, पण काही चांगले बलवान आहेत.

येथून त्याचा शोध सुरू झाला. रोगाने बोटे सडून गळून पडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. ब्रँडने रोग्यांच्या बरोबर राहून, त्यांचे दिवसाचे काम पाहून, प्रत्येक जखमेचे कारण विचारून असे सिद्ध केले की, बोटे रोगाने गळत नाहीत. रोगाचे जंतू मज्जातंतूंस बिघडवितात, त्यामुळे दुःखाची जाणीव नाहीशी होते. आणि दुःख कळत नसल्यामुळे मनुष्य आपल्या हातापायांस स्वतःच न कळत इजा करितो. एका मुलाने गंजलेले कुलूप किल्लीने जोर लावून उघडले, आणि त्याचे बोट हाडापर्यंत चिरले तरी त्यास पत्ताही नव्हता. तापलेले भांडे हाताने उतरविणारा, पायात काटा मोडलेला असता कोसभर चालत जाणारा, अशी कितीतरी माणसे त्याने पाहिली. काही रोग्यांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पाळत ठेविली तेव्हा कळले की, झोपेत उंदीर ती कुरतडीत होते, आणि वेदना नसल्यामुळे रोगी जागा होत नव्हता. त्यावर उपाय औषधाचा नव्हे, तर मांजराचा केला गेला!

वाचकहो, ह्या गोष्टीकडे नीट लक्ष द्या. उंदराची गोष्ट कोणत्याही ग्रंथात सापडली नसती. ती सापडण्यास, हा मनुष्य रात्री कोठे निजतो, असा प्रश्न कोणाच्या तरी मनात यावा लागला.

मग शस्त्रक्रिया सुरू झाल्या. हाताचा एखादा बलवान स्नायू घेऊन त्याच्या दोरीसारख्या टोकास निराळ्या जागी जोडावयाचे, आणि निकामी स्नायूचे काम त्याजकडून करून घ्यावयाचे, अशी ही युक्ती आहे. वाकडी बोटे सरळ झाली, मूठ उघडू व मिटू लागली. डॉक्टरांस आनंद झाला. परंतु काही रोगी थोड्या दिवसांनी परत आले ते तक्रार घेऊन. पूर्वी वाकडा हात पुढे केला म्हणजे भीक मिळे. आता हात चांगला दिसू लागला तेव्हा लोक भीक घालीनात, आणि कुष्ठरोगी म्हणून काम तर कोणी देईना! हात बरा झाला, पण पोट मारले गेले.

येथे दुसरा एखादा डॉक्टर रागावला असता. त्याने म्हटले असते, "आमचे काम हाताचे, तुमच्या पोटाचे आम्ही काय करावे?" ब्रँड व त्याचे सोबती ह्यांनी तसे केले नाही. त्यांनी १९५० च्या सुमारास वेल्लोर येथे 'नवजीवन निलयम' नावाची लहानशी वसाहत उभी केली, आणि तेथे रोग्यांस सुतारकाम व लाकडी खेळणी करणे असे धंदे शिकविले. हत्यारांच्या मुठी अशा केल्या की, सुन्न हातास इजा होऊ नये. बधिर पायांकरिता मऊ रबराचे जोडे तयार केले. ज्यांच्या भुवया रोगाने गेल्या होत्या त्यांस डोक्याच्या कातडीतून नव्या भुवया बसवून दिल्या, कारण भुवया नसलेले तोंड पाहताच लोक "महारोगी!" म्हणून दार लावीत, आणि रोग पुरता बरा झाला असला तरी त्या मनुष्यास कोठे थारा मिळत नसे. भुवईने पोट भरत नाही हे खरे. पण भुवईवाचून कित्येकांचे पोट भरत नव्हते, हेही खरे.

त्या काळची आणखी एक आठवण ब्रँड सांगत असत. एका रोग्यास उपचार समजावून सांगताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेविला. तो मनुष्य हुंदके देऊन रडू लागला. आपण काही वावगे बोललो काय, असे त्यांनी दुभाष्यास विचारिले. दुभाष्याने सांगितले की, कित्येक वर्षांत त्यास कोणी स्पर्श केला नव्हता म्हणून तो रडत आहे. तो हात औषध म्हणून ठेविलेला नव्हता. तरी कोणत्याही औषधाने जे झाले नसते ते त्याने केले.

पॉल ब्रँड २००३ साली वारले. आज कुष्ठरोगावर खात्रीची औषधे आहेत. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर ती घेतली म्हणजे रोग बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य मिळतात. तरी २०२२ साली भारतात एक लाखाहून अधिक नवे रोगी सापडले. औषध आहे, पैसा लागत नाही, मग हातपाय वाकडे होईपर्यंत लोक का थांबतात? कारण अंगावरचा बधिर चट्टा दाखविला तर मुलीचे लग्न मोडेल, पाणवठा तुटेल, ही भीती असते. ही भीती गोळीने जात नाही. ती शेजाऱ्यांच्या वागण्याने जाते, किंवा वाढते.

४. रोग्याचे घर

क्षयरोगाच्या बाबतीतही असाच धडा मिळाला. एके काळी क्षयी मनुष्यास दूर आरोग्यभवनात ठेवावे, त्यास विश्रांती व पौष्टिक अन्न द्यावे, हाच खरा उपाय समजला जात असे. पण गरिबाने घर सोडून वर्षभर तेथे कसे राहावे? १९५६ साली मद्रास येथे एक मोठी परीक्षा सुरू झाली. १९३ रोगी घेऊन त्यांपैकी काहींस आरोग्यभवनात व काहींस त्यांच्या स्वतःच्या गर्दीच्या, गरीब घरांत ठेविले. औषध दोघांस एकच, वर्षभर. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. घरी राहिलेल्यांचे अन्न हलके, विश्रांती कमी. तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांस रोगाची बाधा अधिक झाल्याचेही दिसले नाही. ह्या एका परीक्षेने जगभर क्षयाच्या उपचाराची रीत बदलली. अर्थात ज्यांस इस्पितळाची खरोखर गरज आहे त्यांनी तेथे राहिलेच पाहिजे. परंतु मनुष्यास त्याच्या घरातून उपटून काढल्यावाचून बरे करता येत नाही, हा समज खोटा ठरला.

तथापि घरी उपचार करावयाचा तर घर जाणले पाहिजे. साध्या क्षयाची औषधे सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला कमी होतो, अंगी जोर येतो, आणि पुष्कळजण तेथेच थांबतात. रोग मात्र आत राहतो, व पुढे औषधास दाद देत नाही. समजा, एका गावात असे तिघे आहेत. तिघांनी गोळ्या सोडल्या. आपण तिघांस एकच उपदेश करितो: "गोळ्या सोडू नका." परंतु विचारून पाहावे. एक ऊसतोडीस गेला होता, आणि तेथे गोळ्या कोठे मिळतात हे त्यास ठाऊक नव्हते. दुसरीस रिकाम्या पोटी गोळीने मळमळत असे, आणि सकाळी घरात भाकर नसे. तिसरा तरुण, त्याचे लग्न ठरत होते. दवाखान्यापुढे कोणी पाहील म्हणून तो जात नव्हता. तिघांचा रोग एक, चूक एक. पण कारणे तीन, म्हणून उपायही तीन. एकास जाण्यापूर्वी दवाखान्यातून चिठ्ठी व पुढची सोय करून द्यावी. दुसरीविषयी डॉक्टराशी बोलून वेळ बदलावी व सकाळच्या घासाची तजवीज करावी. तिसऱ्याजवळ कोणीतरी विश्वासू मनुष्याने बसून त्याची भीती ऐकून घ्यावी. ज्याने विचारिले नाही त्याचा उपदेश तिघांच्याही कामास येत नाही.

५. दुःखाचे चार भाग

बरा होणारा रोगी असेल तर हे सर्व ठीक. परंतु ज्याचा रोग बरा होणार नाही त्याचे काय? "आता आमच्या हाती काही नाही, घरी न्या," असे सांगितले जाते, आणि घरचेही हात टेकतात.

लंडनच्या सिसिली साँडर्स ह्या बाईंनी हे मानले नाही. त्या प्रथम परिचारिका होत्या, मग इस्पितळातील गरीब रोग्यांच्या अडचणी पाहणाऱ्या कामगार झाल्या, आणि शेवटी, १९५७ साली, डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या कर्करोग्यांजवळ बसून त्यांनी त्यांची बोलणी टिपून घेतली. एका बाईस दुखणे विचारिले तेव्हा ती पाठीपासून सुरुवात करून, आपल्यापायी नवऱ्याचा व मुलाचा रोजगार बुडतो, आपले मन कोणी जाणत नाही, असे सांगत गेली. साँडर्सबाईंनी ओळखिले की, हे सर्व मिळून तिचे दुखणे आहे. शरीराचे दुःख, मनाचे दुःख, घरसंसाराचे दुःख व आत्म्याचे दुःख, असे हे चार भाग असून त्यांतला एक दाबला तरी बाकीचे उरतात. औषधाविषयीही त्यांनी शिकविले की, वेदना असह्य होऊन रोगी ओरडेपर्यंत वाट न पाहता वेदनाशामक औषध ठरल्या वेळी नेमाने द्यावे. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर नावाचे शुश्रूषागृह उघडले. त्याच धर्तीवर १९८६ साली मुंबईस 'शांती अवेदना सदन' निघाले. अशा रोग्यांकरिता भारतात निघालेले ते पहिलेच गृह होय.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बरे करणे नेहमीच हाती नसते. जवळ असणे नेहमी हाती असते.

६. सहानुभूती म्हणजे काय, आणि काय नव्हे

सहानुभूती आणि कीव ह्यांत भेद आहे. कीव उभी राहून खाली पाहते. सहानुभूती शेजारी बसते. कीव म्हणते, "अरेरे, बिचारा!" सहानुभूती विचारते, "तुम्हांला रात्री झोप लागते काय?" कीव करणाऱ्यास सर्व दुःखी माणसे सारखी दिसतात, सहानुभूती प्रत्येकास निराळे ओळखते.

फ्रान्स देशातील डॉक्टर रेने लाएनेक ह्यांची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. त्या काळी डॉक्टर रोग्याच्या छातीस कान लावून हृदयाचे ठोके ऐकत. १८१६ साली त्यांच्याकडे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. ती स्थूल असल्यामुळे बोटांनी ठोकून काही कळेना, आणि तिच्या छातीस कान लावणे हे तिचे वय व स्त्रीजात पाहता त्यांस योग्य वाटले नाही. तेव्हा त्यांनी कागदांची गुंडाळी करून तिचे एक टोक तिच्या छातीस व दुसरे आपल्या कानास लावले. आणि काय आश्चर्य! ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. आज प्रत्येक डॉक्टराच्या गळ्यात दिसणारी नळी ह्या प्रसंगातून निघाली. एका स्त्रीची मर्यादा राखल्याने विद्येचे नुकसान झाले नाही. विद्या पुढे गेली.

ह्याविरुद्ध दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, डॉक्टर रोग्याच्या दुःखाने विरघळू लागला तर त्याचा हात कापेल. ह्यात तथ्य आहे. पोट चिरणाऱ्याने रडत बसू नये. परंतु दुसऱ्याचे दुःख जाणणे निराळे आणि त्यात बुडणे निराळे. विहिरीत पडलेल्यास काढणारा वर पाय रोवून दोर सोडतो. तो आत उडी टाकीत नाही, पण दोर किती खोल सोडावा हे पाहण्याकरिता वाकून पाहतोच.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व गोड बोलणे आहे. रोग औषधाने जातो. २०११ साली अमेरिकेत मोहम्मदरझा होजत व त्यांच्या सोबत्यांनी २९ डॉक्टर व त्यांचे मधुमेहाचे ८९१ रोगी ह्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्या डॉक्टरांत सहानुभूती अधिक होती त्यांच्या रोग्यांपैकी शेकडा ५६ जणांची साखर ताब्यात होती. ज्यांत ती कमी होती त्यांच्या रोग्यांपैकी शेकडा ४० जणांचीच. एका पाहणीने सर्व सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. पण कारण समजण्यास कठीण नाही: ज्याने आपले ऐकले त्यास रोगी खरे सांगतो, आणि खरे कळलेला डॉक्टर योग्य औषध देतो.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. "प्रत्येकाची प्रकृती निराळी" हे वाक्य भोंदू वैद्यही वापरितात आणि त्याच्या आड काहीही विकतात. मुलास लस टोचू नये, साप चावल्यावर मंत्र घालावा, असल्या गोष्टींस हे वाक्य आधार होऊ शकत नाही. निराळेपणा जाणावयाचा तो खरे औषध नीट लागू करण्याकरिता; ते टाळण्याकरिता नव्हे.

७. आमचे काम

नगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे ह्या दांपत्याने काम सुरू केले. दोघेही वेल्लोरचे विद्यार्थी. त्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठविल्या, पण लोक त्यांचे ऐकेनात. तेव्हा त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या; त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, गरीब, व ज्यांस गावाने हीन लेखिले अशा जातींच्या होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत व परत गावी जाऊन शिकवीत. त्या बाईस कोणत्या घरात भाकर नाही, कोणती सून सासूच्या धाकाने दुखणे बोलत नाही, हे सांगावे लागत नसे. पदवीधर परिचारिकेस जे कळत नव्हते ते तिला कळत होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या कामाचा खरा पुरावा त्या बायाच होत.

ह्यावरून आमच्या उपदेशक बंधूंनी व मंडळीतील भगिनींनी पुढील गोष्टी कराव्या:

(१) रोग्यास भेटावयास गेल्यावर आधी ऐकावे. पहिली पाच मिनिटे उपदेश करू नये, आणि "माझ्या मावशीलाही असेच झाले होते" असेही म्हणू नये.

(२) दवाखान्यात नेण्यापूर्वी दुखणे कधी सुरू झाले, कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कोणत्या औषधाने अपाय झाला, हे कागदावर लिहून न्यावे. चालू गोळ्यांची पाकिटेही न्यावी.

(३) रोग्याच्या वतीने सर्व आपणच बोलू नये. विशेषेकरून बायांस स्वतः बोलू द्यावे. नवऱ्यापुढे किंवा सासूपुढे जे बोलवत नाही ते एकट्याने सांगण्याची संधी त्यांस द्यावी.

(४) डॉक्टराचे सांगणे समजले नाही तर नम्रपणे पुन्हा विचारावे, आणि घरी आल्यावर रोग्याकडून ते परत वदवून घ्यावे.

(५) उरलेल्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नयेत.

(६) रोग्याचे नाव व दुखणे ओट्यावर बोलू नये. क्षय, कुष्ठ किंवा मनाचा विकार असेल तर ह्याविषयी विशेष जपावे. उघड झालेल्या गुपिताने पुष्कळांनी औषध सोडले आहे.

डॉक्टरांची संख्या वाढविणे आमच्या हाती नाही. पण दवाखान्याच्या दारात पोहोचणारा मनुष्य केवळ 'एक ताप' किंवा 'एक खोकला' म्हणून न जाता, नावागावाचा, घरदाराचा, ज्याची हकीकत कोणीतरी नीट ऐकून घेतली आहे असा मनुष्य म्हणून जावा, एवढे आम्हांस करता येते. असा मनुष्य डॉक्टरासही सहसा दुर्लक्षिता येत नाही.

अभ्यासवर्गाकरिता प्रश्न

१. कीव आणि सहानुभूती ह्यांतील भेद आपल्या गावच्या एखाद्या उदाहरणाने सांगा. नाव मात्र घेऊ नका.
२. बोटे सरळ झाल्यावर वेल्लोरचे काही रोगी तक्रार का करू लागले? त्या तक्रारीत चूक कोणाची होती?
३. एकच गोळी एकास तारक व दुसऱ्यास मारक कशी होते?
४. आपल्या गावी कोणी औषध मध्येच सोडले असेल तर त्याचे खरे कारण आपण विचारिले आहे काय?
५. जो रोग बरा होणार नाही त्या रोग्याकरिता ह्या आठवड्यात आपल्या मंडळीस काय करता येईल?